जोडीतलं दुसरं पिस्तूल

द्वंद्वाच्या पिस्तुलांची जुनी इंग्रजी पेटी उघडली की आधी दिसते ती हिरवी बनात. तिच्या कप्प्यांत ती जोडी निजलेली, आणि भोवती सगळा सरंजाम: दारूची कुपी, शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा, ठासणी, चकमकीचे तुकडे, तेलाची बाटली. मला नवल वाटतं ते जोडीचं. एवढे पैसे मोजून माणूस दोन पिस्तुलं घडवून घ्यायचा, आणि वेळ आली तर त्यातलं एक, जो आपल्याला मारायला उभा आहे, त्याच्याच हातात जायचं. दोन्हींत तिळाएवढा फरक नसणं, ही कारागिराची खरी परीक्षा.

लंडनचे रॉबर्ट वॉगडन आणि मँटन बंधू, जॉन व जोसेफ, या कामातले उस्ताद. नळी साधारण दहा इंची, अष्टकोनी. उन्हात चमकू नये म्हणून तपकिरी केलेली. मूठ अशी वळवलेली की हात उचलताच नळीनं आपसूक नेम धरावा. काहींचा चाप इतका हलका, की बोट टेकलं न टेकलं तोच बार उडावा. नक्षी मात्र बेतानंच. व्हर्सायच्या बुते या कारागिराची सोन्यानं मढवलेली पिस्तुलं दरबारात शोभतात. मला ही अबोल इंग्रजी जोडीच देखणी वाटते.

अबोल म्हणजे साधीभोळी नव्हे. नळीला आतून पीळ पाडले तर गोळी सरळ जाते, पण इंग्रज सभ्य गृहस्थांना ते गैर वाटे. म्हणून काही कारागीर पीळ फक्त आतल्या भागात पाडत आणि तोंडाशी नळी गुळगुळीत ठेवत. डोकावून पाहणाऱ्याला पत्ता लागू नये!

अशा एका द्वंद्वाचं मूळ आपल्या इतिहासात आहे. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगावला इंग्रजांना शरण आणलं, तरी युद्ध चालूच राहिलं. ते कसं चालवावं यावरून कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि कौन्सिलातले फिलिप फ्रान्सिस यांचं फाटलं. १७ ऑगस्ट १७८० च्या सकाळी अलीपूरला दोघे चौदा पावलांवर उभे राहिले. पिस्तूल चालवायचा सराव दोघांनाही नव्हता. फ्रान्सिसनं चाप ओढला, पण दारू ओलसर निघाली. बंगालचा ऑगस्ट तो! दारू बदलली, पुन्हा नेम धरला गेला, आणि गोळी लागली ती फ्रान्सिसलाच. तो वाचला, विलायतेला परतला आणि हेस्टिंग्जवरच्या महाभियोगामागे हात धुऊन लागला. तो खटला १७८८ ते १७९५ चालला.

संग्राहकाची नजर आता बारापेक्षा पेटीच्या झाकणावर जास्त असते. आत चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीवर कारागिराचं नाव नि पत्ता असतो. दुकानं जागा बदलत, म्हणून पत्त्यावरून पेटीचा काळ ताडता येतो. पिस्तुलं एकाची, पेटी दुसऱ्याचीच, असे संसारही बाजारात पुष्कळ. चकमकीचा घोडा काढून पुढं स्फोटक टोपीवर आपटणारा बसवलेला असला तर किंमत उतरते. आणि कुणी हौसेनं नळी घासून लख्ख केली असेल, तर तो मूळचा तपकिरी रंग गेला तो गेलाच. तेव्हा असा ठेवा कधी हाती आलाच, तर ब्रासोची बाटली कपाटातच राहू द्या.