कागद शेवटून वाचणारे काका

वसईत माझ्या नावावर दोन वन बीएचके आहेत. एक माणिकपूरला, दुसरा पूर्वेला एव्हरशाईनमध्ये. दोन्ही भाड्याने दिलेले. त्या भाड्यातून मुलीची इंजिनिअरिंगची फी गेली, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नातेवाइकांत त्यामुळे माझी ख्याती 'व्यवहाराला पक्का' अशी आहे. ही ख्याती खरं तर काकांची. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहायचे. दुय्यम निबंधक कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. माझ्याकडून त्यांनी कधी एक रुपया घेतला नाही. सुकेळीचं एक पुडकं मी न्यायचो, तेवढं ठेवून घ्यायचे आणि त्यातलंही निम्मं काकूंच्या हाती आमच्याकडे परत पाठवायचे.

2011 च्या सुमारास मी नालासोपारा पूर्वेला एक घर बघितलं होतं. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं, किंमत आजूबाजूपेक्षा बरीच कमी, आणि एजंट तर असा गोड की आपणच त्याच्यावर उपकार करतोय असं वाटावं. टोकन द्यायच्या आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, खालच्या काकांना एकदा दाखवून या.

काका फाईल शेवटून उघडायचे. आपण करारनाम्याचं पहिलं पान वाचतो, किंमत बघतो, नावाचं स्पेलिंग तपासतो. ते थेट परिशिष्टावर जायचे. सर्व्हे नंबर पेन्सिलीने पाठकोऱ्या कागदावर उतरवायचे, मग सातबारा, मग बिगरशेतीचा आदेश, मग बांधकामाची परवानगी, म्हणजे सीसी. चारही ठिकाणी नंबर तोच आहे ना, हिस्सा तोच आहे ना. त्या संध्याकाळी त्यांनी सीसीवर बोट ठेवून विचारलं, "बिल्डिंग किती मजल्यांची आहे रे?"

"सहा. आपला पाचव्यावर."

"इथे तळ अधिक चार लिहिलंय. तुझा पाचवा मजला कागदावर बांधलाच नाहीये. त्यात राहणार कोण?"

एजंटला फोन लावला. तो म्हणाला, ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, येतेच आहे, शिवाय घरपट्टी लागलेली आहे, लाइट मीटर आहे, अजून काय पाहिजे? काकांनी हे ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते, त्याने ते अधिकृत होत नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. आजही आमच्या भागात दहातली आठ माणसं घरपट्टीची पावती हाच मालकीचा दाखला समजतात.

त्या वेळचा काळही तसा होता. वसई-विरार महापालिका 3 जुलै 2009 ला झाली. चार नगरपालिका आणि आसपासची गावं तिच्यात आली. त्याआधी इथे बांधकामाची परवानगी सिडको देत असे. कारभार एका हातातून दुसऱ्या हातात गेला त्या सांध्यात खोट्या सहीशिक्क्यांचं पीक आलं. काका म्हणायचे, सीसीची झेरॉक्स बघू नकोस, जावक क्रमांक घे आणि कचेरीत जाऊन विचार. अर्धा दिवस रजा पडेल, पडू दे.

पुढे नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर त्या उभ्या होत्या. 2025 च्या सुरुवातीला सामान बाहेर काढून रस्त्यावर बसलेली कुटुंबं टीव्हीवर दिसत होती आणि आमच्या घरात कोणी काही बोलत नव्हतं. मी बघितलेलं घर त्यांतलं नव्हतं. पण पेन्सिलीने उतरवलेला तो सर्व्हे नंबर मला त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

नालासोपाऱ्याचं सोडून माणिकपूरचं घर घेतलं ते ओसी असलेलं, सोसायटी झालेलं, जुनं. नवीन टॉवरच्या तुलनेत दिसायला अगदी साधं. काकांनी ते मला मुद्दाम जुलैत बघायला लावलं. वसईत घर पावसात बघायचं, हा त्यांचा हट्ट. जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे, मीटरबॉक्स किती उंचावर आहे, हे उन्हाळ्यात कळत नाही. आणि सोसायटीच्या ऑफिसात जाऊन टँकरची बिलं बघायची. सूर्या धरणाचं पाणी किती दिवसाआड येतं हे एजंट सांगतो, टँकरला महिन्याला किती पैसे जातात हे बिल सांगतं. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, तेव्हा आमच्या भाडेकरूचा फोन आला तो एवढंच सांगायला, की मीटरबॉक्स कोरडा आहे.

भाड्याचं गणित त्यांनी पाठकोऱ्या कागदावरच शिकवलं. वर्षाला अकरा महिन्यांचंच भाडं धरायचं. एक महिना घर रिकामं राहतं, नाहीतर तो महिना रंगकामात जातो. त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स वजा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिगरवहिवाट शुल्क वजा. यावर आमच्या दुसऱ्या घराच्या कमिटीशी माझी चांगलीच जुंपली. त्यांना भाड्याच्या प्रमाणात पैसे हवे होते. काकांनी 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाची प्रत काढून दिली: सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि घरपट्टी त्यात धरायची नाही. चेअरमननी ती प्रत दोनदा वाचली, मग चहा मागवला.

सगळ्यात जास्त जीव त्यांचा नोंदणीवर. इतकी वर्षं त्याच खिडकीमागे बसलेला माणूस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 त्यांना तोंडपाठ होतं. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल तेच आधी ग्राह्य. खोडून काढायचं ते आपण. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोटरी करून आणलेला कागद कोणी दाखवला की ते म्हणत, "छान आहे, फ्रेम कर."

आणि नोंदणी टाळून आपण वाचवतो तरी किती? महिना 12,000 भाडं, 50,000 डिपॉझिट, दोन वर्षांचा करार धरला तर 0.25 टक्क्याने मुद्रांक शुल्क आठशेच्या आत बसतं, नोंदणी फी 1,000. एजंट महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून नेतो ते आपण निमूट देतो. करार नोंदलेला असला आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट शुल्क मागता येतं. मला तशी वेळ आली नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं, भाडं बँकेतून घेणं, ते विवरणपत्रात दाखवून तीस टक्के वजावट घेणं, हे सगळं त्यांच्या लेखी दात घासण्याइतकं साधं होतं.

हेवी डिपॉझिटच्या मात्र ते पार विरोधात. पाच-सात लाख एकरकमी घ्यायचे आणि भाडं नाही, ही आपल्याकडची लाडकी पद्धत. "याला भाडं म्हणत नाहीत, कर्ज म्हणतात. तो घर सोडेल त्या दिवशी तुझ्याकडे तेवढे असतील?" साधं डिपॉझिटसुद्धा त्यांनी मला वेगळ्या एफडीत ठेवायला लावलं. परक्याचा पैसा आहे, म्हणायचे.

याचा खरा उपयोग टाळेबंदीत झाला. भाडेकरू वालीवच्या एका गाळ्यात कामाला, गाळा बंद, पगार नाही. तीन महिने भाडं पुढे ढकला, अशी सूचना सरकारने एप्रिल 2020 मध्ये काढली होती, पण माझा कर्जाचा हप्ता काही थांबला नव्हता. तो घर सोडून गावी निघाला असता तर डिपॉझिट त्याच दिवशी द्यावं लागलं असतं. मी काकांना फोन केला. "एफडी मोडलीस का?" नाही म्हटलं. "मग घाबरतोस काय? त्याला सांग, राहा. चांगला भाडेकरू गेला तर दुसरा मिळेपर्यंत तेवढेच महिने रिकामे जातील." तो राहिला. थकलेलं भाडं थोडं थोडं करून त्याने फेडलं. त्याच्या बायकोने पहिल्या हप्त्याबरोबर घरचे पापड पाठवले होते.

काका 2022 ला गेले. त्यांच्या मुलाने विचारलं, बाबांच्या कपाटातल्या या शासन आदेशांच्या फाईली तुम्हाला हव्यात का? मी रिक्षा करून घेऊन आलो. रविवारी सकाळी आता माझ्याकडे कोणी ना कोणी फाईल घेऊन येतं, आणि मला जमेल तेवढं मी बघतो, शेवटच्या पानापासून. पण मी हौशी माणूस. वसई-विरारच्या बिल्डिंगांमधून बँकेतून, रेल्वेतून, मंत्रालयातून, निबंधक कचेरीतून निवृत्त झालेली, आयुष्यभर कागद चाळलेली माणसं मजल्यागणिक आहेत. त्यांना विनंती आहे: आठवड्यातून एक तास सोसायटीच्या ऑफिसात बसा. टोकन द्यायच्या आदल्या संध्याकाळी फाईल दाखवायला जवळपास कोणीतरी हवं.