विजेच्या तारांवरून निरोप

दिव्याला ज्या तारांतून वीज मिळते, त्याच तारांतून त्याला हुकूमही धाडता येतो. हे तंत्र घराघरांत नेले ते एक्स-१० पद्धतीने. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने ती १९७५ मध्ये तयार केली. भिंत न फोडता काम होत असल्याने अमेरिकेत ती चांगलीच रुजली.

अमेरिकेत विजेचा दाब सेकंदाला १२० वेळा शून्यावरून जातो. त्या क्षणी तारेवर गोंगाट कमी असतो. तोच साधून १२० किलोहर्ट्‌झचा, एक मिलिसेकंदाचा स्पंद सोडला जातो. स्पंद आला तर एक, नाही तर शून्य. खातरजमेसाठी पुढच्या अर्ध्या आवर्तनात लगेच त्याच्या उलट. म्हणूनच एका हुकमाला सुमारे पाऊण सेकंद लागतो. घराला १६ पैकी एक अक्षर, उपकरणाला १६ पैकी एक आकडा, असे २५६ पत्ते मिळतात.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात तळघरातले बटण दिवाणखान्यातला दिवा लावी, वरच्या मजल्यावरचा मात्र नाही. स्वयंपाकघरातली विजेची शेगडी पेटलेली असली, की वरचाही लागे. शेगडीची कॉइल आच राखण्यासाठी मधूनमधून बंद होते. तेवढ्यात बटण दाबले तर वरचा दिवा पुन्हा ढिम्म.

याचे मूळ वीजजोडणीत आहे. तिथल्या घरात १२० व्होल्टच्या दोन बाजू येतात. एका बाजूवरचा स्पंद दुसरीवर जायचा, तर त्याला बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परतावे लागते आणि त्यात तो क्षीण होतो. २४० व्होल्टची शेगडी दोन्ही बाजूंना जोडलेली असल्याने तिची तापलेली कॉइलच त्याला जवळची वाट देते. कायमचा उपाय म्हणजे पॅनेलमध्ये बसवायचा कपलर. त्यातला कपॅसिटर स्पंद पलीकडे नेतो, ६० हर्ट्‌झची वीज जवळजवळ अडवतो. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंत राहतात, म्हणून हे काम इलेक्ट्रिशियननेच करावे.

चार्जर, टीव्ही यांच्या आतले कपॅसिटरही स्पंद गिळतात. एकेक प्लग काढून दोषी उपकरण शोधायचे आणि त्याच्यापुढे फिल्टर लावायचा. शेजारी त्याच ट्रान्सफॉर्मरवर असतील, तर अक्षरही वेगळे ठेवावे लागते.

खरी उणीव मात्र वेगळीच होती: मूळच्या साध्या उपकरणांकडून हुकूम पोचल्याची पोच येत नसे. २००५ मध्ये आलेल्या इन्स्टिऑनने ती पोच दिली आणि तारेच्या जोडीला रेडिओलहरीही घेतल्या.