नानांची सायकल

आमचे नाना सायकलींच्या पुण्यातले. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षे कारकुनी केली, आणि ती छत्तीसही वर्षे ते एकाच काळ्या, बावीस इंची सायकलवरून गेले-आले. पँटच्या घोट्यापाशी लावायच्या दोन पोलादी क्लिपा आमच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेल्या असत. क्लिपा खिळ्यावर आहेत म्हणजे नाना घरात, नाहीत म्हणजे बाहेर. घड्याळ कळू लागण्याआधी आम्हा भावंडांना हे कळत होते.

सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मंडईतून येताना मोटारसायकलचा धक्का लागून नाना पडले. गुडघा फुटला, मनगट मुरगळले. त्याहून अधिक काही नाही. पण मी घाबरलो. घाबरलेला माणूस फार शहाण्यासारखे बोलतो. "नाना, आता या वयात सायकल पुरे," असे मी एखाद्या नापास विद्यार्थ्याला समजवावे तसे त्यांना समजावले, आणि ते आत्याकडे चार दिवस गेले असताना सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली.

परत आल्यावर नानांनी जिन्याखालची रिकामी जागा पाहिली. थोडा वेळ थांबून एवढेच विचारले, "हवा भरायचा पंपही दिलास का रे?"

मी "हो" म्हणालो. विषय तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी खिळ्यावरच्या क्लिपाही दिसेनाशा झाल्या. त्या मी दिल्या नव्हत्या. पण त्या कुठे गेल्या, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

माझी धाकटी बहीण इंग्लंडात डर्बीला असते. गेल्या मे महिन्यात तिने आम्हाला आग्रहाने बोलावून घेतले. डर्बी हे जुने रेल्वेचे गाव, म्हणून नाना पहिल्या दिवसापासून खूश होते. रविवारी मेहुण्यांनी बेत जाहीर केला, "नाना, आज तुम्हाला टिसिंग्टन ट्रेल दाखवतो. सायकली तिथे भाड्याने मिळतात."

"त्यांचे वय पंच्याहत्तर आहे," मी लगेच म्हणालो. "ते बाकावर बसतील. आपण जाऊन येऊ." नाना काहीच बोलले नाहीत. कानटोपी घालून गाडीत जाऊन बसले.

पार्स्ली हे नावाच्या ठिकाणी उतरलो. भोवती पीक डिस्ट्रिक्टची उघडी, हिरवी, लाटांसारखी वरखाली होणारी टेकाडे. चुन्यामातीवाचून, नुसते दगडावर दगड रचून केलेल्या करड्या भिंती त्या टेकाडांवरून पार क्षितिजापर्यंत गेलेल्या. इंग्लंडातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचे. आपल्याकडे उद्यान म्हटले की कारंजे आणि "फुले तोडू नयेत" अशी पाटी डोळ्यांपुढे येते. इथे उद्यानातच गावे आहेत, शेते आहेत आणि मेंढ्या तर माणसांहून अधिक आहेत.

मी सायकलींच्या भाड्याची चौकशी करून वळलो तो नाना वाकून काहीतरी करत होते. जवळ जाऊन पाहिले. कोटाच्या खिशातून काढलेल्या त्या दोन क्लिपा ते घोट्यांवर चढवत होते.

सहा वर्षे त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या, आणि सातासमुद्रापलीकडे येताना बरोबर घेतल्या होत्या. मी काही न बोलता तीनऐवजी चार सायकलींचे पैसे भरले.

पहिली दहा-वीस पावले सायकल डगमगली. मी मागून दोन्ही हात पुढे करून धावणार, तेवढ्यात ती सरळ झाली आणि नाना निघाले. कानटोपीवर शिरस्त्राण चढवलेली ती स्वारी पाहून समोरून येणारी एक म्हातारी हसली. नानांनी तिला घंटी वाजवून सलामी दिली.

आता तुम्ही म्हणाल, टेकड्यांच्या मुलखात पंच्याहत्तरीच्या माणसाला चढ कसा झेपला? मलाही तेच कोडे पडले होते. नानांनी ते पाव मैलात सोडवले. "अरे, ही आगगाडीची वाट आहे!" ते ओरडले. "भरलेली मालगाडी चढ दिसला की हट्टी बैलासारखी बसते. म्हणून टेकडी आली की ती कापायची, खळगा आला की भराव घालायचा. बघ, चढ आहे, पण पायांना जेमतेम कळतोय!"

अगदी खरे होते. ॲशबोर्नपासून पार्स्ली हेपर्यंतचा हा तेरा मैलांचा मार्ग म्हणजे एकेकाळचा लोहमार्गच. त्यावरची उतारूंची नेहमीची वाहतूक १९५४ साली थांबली आणि १९६७ साली मार्ग पुरता बंद झाला. रूळ निघाले; पण उद्यानाच्या कारभाऱ्यांनी वाट जाऊ दिली नाही. १९७१ साली ती पादचारी, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांना खुली झाली. मोटारीला तिथे मज्जाव.

हार्टिंग्टनच्या जुन्या स्टेशनाशी आम्ही थांबलो. गाडी कधीच येणार नाही, तरी सिग्नलची केबिन जागेवर उभी आहे. मेहुण्यांनी थर्मासमधला चहा ओतता ओतता सांगितले, की १९६३ साली बीचिंग नावाच्या रेल्वेच्या मुख्याधिकाऱ्यांनी एक अहवाल दिला आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग व २,३६३ स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. पुढे अशा कितीतरी ओसाड मार्गांवरून लोकांनी सायकलच्या वाटा केल्या. ब्रिस्टॉलच्या सायकलवेड्या मंडळींनी तर १९७९ साली स्वतः कुदळ-फावडी घेऊन कामाला सुरुवात केली, आणि १९८६ पर्यंत ब्रिस्टॉल ते बाथ असा तेरा मैलांचा रस्ता पुरा झाला.

नाना केबिनीकडे पाहत होते. छत्तीस वर्षे रेल्वेचे मीठ खाल्लेला माणूस. "रूळ उपटले, हे वाईट झाले," ते म्हणाले. "पण वाट मोडली नाही, हे बरे केले." आणि पुन्हा सायकलवर बसले.

बेत तिथूनच परतायचा होता. पण नाना पुढे गेले, आणि डोंगर कापून केलेल्या एका खोल खोदाईच्या वळणावर दिसेनासे झाले. माझ्या छातीत धस्स झाले. कान आपोआप टवकारले, हॉर्नसाठी, ब्रेकच्या किंचाळीसाठी. ऐकू काय आले? खडीवर चाकांची करकर, एका मेंढीचे बेंबटणे आणि वर कुठेतरी चंडोलाचे गाणे. मोटारींचा हमरस्ता तिथून फार लांब नाही. पण त्याचा हात या वाटेपर्यंत पोहोचत नव्हता. मग ध्यानात आले, की इथे नानांना धक्का देणारे कोणी नाहीच. सहा वर्षे मी ज्याला नानांचे वय म्हणत आलो, ते नानांचे वय नव्हते. तो आमचा रस्ता होता. रस्त्याला बोलायची सोय नव्हती, म्हणून मी म्हाताऱ्या माणसाला बोललो.

वळणापलीकडे नाना एका पायावर सायकल टेकवून माझी वाट पाहत उभे होते. गाल थंडीने लाल झाले होते.

"नाना," मी म्हणालो, "तुमची सायकल मी न विचारता द्यायला नको होती."

त्यांनी समोरच्या टेकाडाकडे पाहिले. "पंप फार चांगला होता रे तो," ते म्हणाले, आणि सायकल वळवून परत निघाले.

या दसऱ्याला आमच्या जिन्याखाली एका जुन्याच, पण धडधाकट सायकलला झेंडूची माळ पडली. शेजारी नवा पंप आहे. पुण्याचा रस्ता मला बदलता येत नाही. म्हणून सकाळी साडेपाचला, शहर जागे होण्याआधी, मी नानांबरोबर कॉलेजच्या मैदानापर्यंत जातो. तिथे ते चार फेऱ्या मारतात. पाचवी मारू का, असे रोज विचारतात.

क्लिपा पुन्हा खिळ्यावर आल्या आहेत. आता हे लिहिताना मान वळवून पाहिले, तर खिळा रिकामा आहे.