आवाजाचें बटण कोणाचें?

आवाज लहानमोठा करण्याचें बटण ही दिसावयास क्षुद्र वस्तु खरी. परंतु चार पिढ्या जेथें एका छपराखालीं नांदतात, तेथें ती क्षुद्र राहत नाहीं. आमच्या सुलतानपूरच्या घरीं ओटीवर एकच संगणक आहे. त्यावर दुपारीं सूनबाई कचेरीचें काम करतात, सायंकाळीं आम्ही वेदपठनाचीं ध्वनिमुद्रणें ऐकतों, आणि रात्रीं नातू परीक्षेचीं व्याख्यानें ऐकत बसतो. पलीकडे माजघरांत आमच्या वृद्ध मातुश्री निजलेल्या असतात. तेव्हां कोणता आवाज कोणाच्या कानीं किती जावा, हा आमच्याकडे रोजचाच प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांनीं या गोष्टीचा सूक्ष्म विचार केला होता. तैत्तिरीय प्रातिशाख्यांत वाणीचीं सात स्थानें सांगितलीं आहेत: उपांशु, ध्वान, निमद, उपब्दिमत्, मंद्र, मध्यम आणि तार. उपांशु उच्चारांत ओठ हलतात, पण शब्द शेजाऱ्यास ऐकूं येत नाहीं. तार हें सर्वांत वरचें स्थान. शब्द तोच, परंतु प्रसंग पाहून स्थान निराळें. संगणकानेंहि एवढा विवेक ठेवावा, इतकेंच आमचें मागणें आहे. हेडफोन हा एकट्याचा, स्पीकर हा सभेचा.

यांतील मेख अशी आहे. बटण दाबलें असतां कीबोर्ड केवळ ‘वाढव’ किंवा ‘कमी कर’ एवढाच निरोप पाठवितो. कोणाचा आवाज, हें त्यास ठाऊक नसतें. तें ठरविणें ऑपरेटिंग सिस्टिमचें काम. विंडोज हा निरोप मुख्य म्हणून नेमलेल्या साधनास लावतें. एखादा कार्यक्रम दुसऱ्याच साधनावर वाजत असला, तर पडद्यावरील आंकडा हलतो आणि कानांस फरक कांहींच जाणवत नाहीं. मॅकवर एचडीएमआयच्या तारेनें जोडलेल्या पडद्यांतून आवाज काढला, तर पुष्कळदां हीं बटणें चालतच नाहींत. प्रत्येक साधनाचा आवाज निराळा लक्षांत ठेवण्याची सोय विंडोजमध्यें आहे, ही मात्र चांगली गोष्ट झाली.

खरी अडचण हेडफोन निघतो त्या क्षणीं येते. फोनवर गाणें चालूं असतां हेडफोनची तार निघाली, तर बहुधा गाणें आपोआप थांबतें. संगणकावर तें पुष्कळदां थांबत नाहीं. स्पीकर पुढें गर्जूं लागतो. एकदां मध्यरात्रीं नातवाच्या खुर्चींत अडकून तार निसटली आणि सबंध घर व्याख्यात्याच्या आवाजानें दुमदुमलें. मातुश्री घाबरून उठल्या, व त्या रात्रीं त्यांस पुन्हां झोप लागली नाहीं. मुलाचा यांत दोष कोणता? तो घराची रीत सांभाळून हेडफोन लावूनच बसला होता.

दुसरी बाजू मुलांच्या कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकावा, मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबलची. आणि दर ३ डेसिबल वाढीस वेळ निम्मा करावा. म्हणजे ८३ डेसिबलला प्रौढांस वीसच तास. परंतु संगणकाच्या पडद्यावर डेसिबल दिसत नाहींत, शंभरांतील अंश दिसतात. आणि तेच पन्नास अंश एका हेडफोनमध्यें मंद, तर दुसऱ्यांत कर्कश असतात. म्हणून स्पीकरचा आंकडा हेडफोनला लावणें केव्हांहि इष्ट नाहीं.

आमच्या मतें नियम थोडकेच हवेत. आवाज ज्या साधनांतून येत असेल, त्यालाच बटण लागावें, आणि त्याचें नांव पडद्यावर दिसावें. दोन्हींतून एकदम येत असेल, तर कोणतें बदलावयाचें हें तेथेंच निवडतां यावें. प्रत्येकाचा आंकडा निराळा राहावा. हेडफोन निघतांच वादन थांबावें, आणि पुन्हां सुरू करण्याचें माणसानें ठरवावें. मूक करण्याचें बटण मात्र सर्वांसच एकदम लागावें. कारण तें दाबणारा बहुधा घाईंत असतो, आणि त्या वेळीं त्यास घरांत केवळ शांतता हवी असते.