खुराड्यातली गोचीड वेगळी

आम्ही सावंतवाडी तालुक्यात राहतो. घर चिऱ्याचं, मागे काजू आणि फणस, पुढे अंगण. खंड्या नावाचा कुत्रा, एक मांजर आणि दहा-बारा गावठी कोंबड्या, सगळ्यांचा वावर त्याच अंगणात. हे आधीच सांगते, कारण गोचिडी झाल्या तेव्हा खरी पंचाईत यामुळेच झाली. एकाला चालणारं औषध दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

दिवाळी झाली आणि खंड्याने खाणं टाकलं. दिवसभर पडवीत पडून असायचा. कानांत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचिडी होत्या, पण त्या दरवर्षी थोड्याफार असतातच. एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त आलं. तेव्हा मात्र मी घाबरले. रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, त्या पांढुरक्या पडल्या होत्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट फार कमी. गोचिडीतून येणारा एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात शिरला की असं होतं, असं ते म्हणाले. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे द्यायच्या होत्या. आठवडाभरात कुत्रा उड्या मारू लागला तरी गोळ्या मध्येच थांबवायच्या नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. तसंच झालं. तो लवकर खायला लागला आणि घरातले म्हणायला लागले, आता पुरे. मी गोळ्या पूर्ण केल्या.

गोचिडी काढायचं कामही तेव्हाच शिकले. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही, काडी पेटवून चटका द्यायचा नाही. नखाने चिरडायची तर अजिबात नाही, कारण आतला जंतू आपल्या हाताला लागतो. मी मग साबणाच्या पाण्याचा डबा जवळ घेऊनच बसायची.

पण काढून संपेनात. आज काढल्या की चार दिवसांनी पुन्हा तेवढ्याच. डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, भिंती बघितल्यात का?" घरी येऊन बघितलं. पडवीच्या भिंतीवर, पार वाशांपर्यंत, बारीक तपकिरी गोचिडी चढत होत्या. कॅलेंडरच्या मागे, चिऱ्यांच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीत. कुत्र्याची ही गोचीड घरातच मुक्काम करते. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून उतरते, फटीत शिरते, हजारो अंडी घालते आणि मरते. पिल्लं पुन्हा कुत्रा शोधतात. म्हणजे कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या सगळ्या घरात. मोठी गोचीड उपाशीपोटी वर्षभरही तग धरते. हे कळल्यावर आमच्या कामाची दिशाच बदलली.

औषधाचा प्रश्न मात्र सुटेना. भाच्याने तालुक्याच्या दुकानातून पावडर आणून दिली. डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं. मी तो डबा तसाच डॉक्टरांना दाखवला. त्यांनी घटक वाचले, त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या शरीराला मात्र ते पचवता येत नाही, थरथर सुटते, झटके येतात, मांजर दगावतंसुद्धा. आमची मनी थंडीत खंड्याच्या पोटाशी झोपते. पावडर परत केली.

शेवटी डॉक्टरांनी कुत्र्याला चघळायची गोळी दिली. तिचा असर जवळजवळ तीन महिने राहतो. गोचीड रक्त प्यायला लागली की मरते. महाग आहे, आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्यावी लागते. ज्या कुत्र्याला झटके येण्याचा त्रास आहे त्याला देण्याआधी डॉक्टरांना सांगावं लागतं. पण अंगणात कोंबड्या असतील तर माझ्या मते हाच उपाय बरा. कुत्र्याच्या अंगावर काही लागत नाही, आंघोळीचं औषधी पाणी मातीत जात नाही आणि कोंबड्यांच्या चोचीत येत नाही.

फटींचं काम हाताने केलं. पडवी रिकामी केली. खंड्याचं गोणपाट उकळलं. सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, मोठ्या भेगा सिमेंटने बुजवल्या, वर चुना काढला. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात, म्हणून हे एकदा करून भागत नाही. संक्रांतीपर्यंत दर आठवड्याला भिंती तपासायचा मी नेम ठेवला.

या गडबडीत कोंबड्यांकडे लक्ष सासूबाईंचं होतं. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जाईनात, फणसावर चढून बसायच्या. उदमांजराच्या भीतीने आम्ही त्यांना उतरवून आत कोंडायचो. सासूबाई एकच म्हणायच्या, "थंय कायतरी आसा." खुराड्यात एक कुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिचा तुरा फिका पडत गेला आणि एका सकाळी ती अंड्यांवरच मेलेली सापडली. चांगली कोंबडी होती, दरवेळी सगळी पिल्लं वाढवायची. मला फार वाईट वाटलं.

दिवसा खुराड्यात काही दिसत नव्हतं. रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन गेलो तेव्हा दिसलं. फळ्यांच्या फटींतून चपट्या, राखाडी, सुरकुतलेल्या गोचिडी बाहेर येत होत्या. ही कोंबड्यांची गोचीड. कुत्र्याची ती वेगळी, ही वेगळी. ही रात्री येते, थोडा वेळ रक्त पिते आणि उजाडायच्या आत फटीत परत जाते. म्हणून दिवसा कोंबडी चाळली तरी सापडत नाही. फक्त तिची बारकी पिल्लं पंखांखाली काही दिवस चिकटून राहतात, निळसर-काळे ठिपके दिसतात. कुडूक कोंबडी रात्रभर जागेवरून हलत नाही, त्यामुळे सगळा मारा तिच्यावर झाला.

शेजारच्या काकी म्हणाल्या, कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते थेंब कोंबड्यांना टाक, त्यांच्या ओळखीत कोणी तरी केलं होतं. त्यातल्या बऱ्याच थेंबांत फिप्रोनिल असतं. 2017 साली युरोपात कोंबड्यांच्या शेडमध्ये किडे मारायला हेच वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. आमच्याकडे अंडी नातवंडं खातात. मी नको म्हटलं. काजूवर फवारायचं औषध खुराड्यात मारायचं तर मी मनातही आणलं नाही.

खुराडं काही दिवस रिकामं ठेवायचा विचार होता, पण ही गोचीड उपाशी कित्येक वर्षं जगू शकते. मग सगळ्या फळ्या अंगणाच्या टोकाला नेऊन जाळल्या. वेल्डरकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, त्याला जाळी. बसायची दांडी भिंतीला टेकू दिली नाही. तिचे पाय जळक्या ऑईलच्या डब्यांत उभे केले आणि कोंबड्यांची चोच पोचू नये म्हणून डब्यांवर पत्र्याची झाकणं बसवली. कोंबड्या राखेत लोळतात ते उवांसाठी चांगलं, या गोचिडीवर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि कोंबड्या गोचिडी वेचून खातात हे खरं असलं, तरी वाशावर चढलेली किंवा रात्री फटीतून येणारी त्यांना कुठून मिळणार? नव्या खुराड्यात कोंबड्या आपणहून जायला लागल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

काजूचा हंगाम सुरू झाला तशी आशाताई घरी आल्या. आमच्या जिल्ह्यात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडताहेत. तो पसरवते ती रानातली गोचीड, आणि थंडीपासून मे महिन्यापर्यंत तिची बारीक पिल्लं पातेऱ्यात असतात. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं. बागेत जाताना हातापायांना लावायला त्यांनी डेपा तेल दिलं. आम्ही घराला लागून रचलेला पातेरा लांब हलवला आणि गवत कापून अंगणात ऊन येऊ दिलं. बागेतून आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकतो, आंघोळ करतो, मुलांच्या कानामागे आणि काखेत बघतो. खंड्याला हंगामात बागेत नेत नाही.

मार्चमध्ये ह्यांना ताप आला, अंग फार दुखत होतं. आरोग्य केंद्रात गेल्या गेल्या सांगितलं की रोज काजूच्या बागेत जाणं आहे. त्यामुळे रक्त लगेच तपासणीला गेलं. माकडताप नव्हता.