भार किती वाहावा?

बंगळूरच्या हेब्बाळ भागात माझे मामा राहतात. आपल्या जुन्या पिकअपमधून ते चिक्कबळ्ळापूरची द्राक्षे शहरात आणतात. प्रत्येक खेपेस अधिक माल यावा म्हणून मोठ्या गाडीचा मागचा ॲक्सल आणि जादा पाटे बसविण्याचे त्यांनी ठरविले. मिस्त्रीकडे मीही सोबत गेलो.

"पाटे वाढवले की गाडी मागे बसणार नाही," मामा म्हणाले.

मिस्त्रीने मुकाट्याने पुढचे चाक उतरवून ब्रेक दाखविला. ॲक्सलबरोबर मागचे ब्रेक मोठे येतीलही; परंतु गाडी थांबताना भार पुढे झुकतो, आणि पुढचे ब्रेक तर जुनेच राहणार! हेब्बाळचा उड्डाणपूल उतरताना समोर वाहनांची रांग उभी असली, तर पाटे काय करणार?

कायद्याचेही बंधन आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असा फेरफार करू देत नाही. शिवाय नोंदणीपत्रातील वजनाची मर्यादा जादा पाट्यांनी वाढत नाही.

"अरे, मग हप्ता कसा फेडू?" मामांच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अखेर झिजलेले पाटे त्याच मापाचे नवे घातले, ब्रेकचे लायनर बदलले आणि आठवड्याला एक खेप वाढविली. हप्ता आजही ओढाताणीनेच भरला जातो. पण मामी आता निर्धास्त झोपतात.

आपल्या घरीही कोणी अधिक भार उचलू पाहत असेल, तर 'पेलेल का?' एवढेच विचारू नका. 'थांबवता येईल का?' हेही विचारा.