कुडाला लावलेली तुंबडी

निकाली प्रकरणांच्या तक्त्यातून समाधानाचा हिशेब लागत नाही, एवढं आता पटलं आहे. मग तो लावायचा कुठून? मार्चअखेर वर्षाचं काम कागदावर उतरतं: हद्द कायम किती, पोटहिस्से किती, द्रुतगती मोजण्या किती, शिल्लक किती. यातला एकही आकडा खोटा नसतो. तरी सरलेल्या वर्षात मन नेमकं कुठे रमलं, हे त्या रकान्यांत सापडत नाही.

भूकरमापकाच्या कामात समोरच्याचं समाधान शोधायला जाऊ नये, हे तर लवकरच कळतं. दोन भावांचा बांध मोजला की एकाकडे ओळभर जमीन जाते. खुणा दाखवून होतात, सह्या होतात, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात पडते. ज्याच्या बाजूने हद्द आली तोही, आणखी दोन पावलं मिळायला हवी होती, असं मनात धरून घरी जातो. त्याला दोष कसा द्यावा? जमिनीवर पोट असलेल्या माणसाने आणखी काय करावं?

पण वर्षातलं एक काम सारखं आठवत राहतं. अभिलेख कक्षातलं एक जुनं टिपण घड्यांवर फाटलं होतं. मूळ मोजणीच्या वेळी शेतात बसून काढलेला हा हातनकाशा. तो प्रमाणात नसतो, त्यातला खरेपणा सगळा आकड्यांत. माप साखळीचं: ३३ फुटांची एक साखळी, तिचे १६ आणे, एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो एक गुंठा. एका घडीवर ७ साखळ्या ११ आण्यांचा आकडा मधोमध चिरला गेला होता. सातचा गोल एका तुकड्यावर, शेपूट दुसऱ्यावर. पातळ कागद, गव्हाची खळ आणि मऊ कुंचला घेऊन मी ते तुकडे मागून जोडत बसलो. खळ जास्त झाली की शाई फुटते, कमी पडली की कडा उचलते. सातचं शेपूट गोलाला येऊन टेकलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि मी फार आनंदात होतो.

हे काम कुणी सांगितलं नव्हतं. टिपण केव्हाच स्कॅन झालेलं आहे. शेजारच्या टेबलावरचे जुने सहकारी मायेने म्हणाले, “रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.” ते विसरलेही असतील. माझ्या डोक्यातून मात्र तो न्हावी जात नाही.

तुंबडी म्हणजे जनावराचं पोकळ शिंग. रुंद तोंड कातडीवर टेकवायचं, टोकाच्या भोकातून हवा ओढून घ्यायची आणि भोक मेणाने बुजवायचं. कातडीला आधी बारीक चिरे दिलेले असले की दूषित मानलेलं रक्त शिंगात ओढलं जातं. सगळी करामत हवा न शिरू देण्याची. आणि कूड तर काठ्यांचा, वरून शेणमातीने लिंपलेला. त्याला बारीक भेगा असणारच. तिथे तुंबडी धरणार कशी? हे त्या न्हाव्याइतकं कुणाला ठाऊक असेल? तरी तो लावत राहिला. ओठांची, हाताची सवय मोडू नये म्हणून लावत असेल? की ज्या हालचालीत आपण पुरे असतो ती करायला त्याला रोगीसुद्धा लागत नव्हता?

आणि तो रिकामा का होता, हे म्हण सांगत नाही. न्हावी बलुतेदार. त्याच्या वर्षाचा हिशेब खळ्यावर व्हायचा, धान्याच्या रूपात, वर्षभराच्या सेवेपोटी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त ही सारी व्यवस्था नोंदलेली आहे. खळ्यावर त्याचं काम तोलणारा हात कुणब्याचा. तुझं मन कशात रमतं, असं त्याला कुणी विचारलं नसेल. काम जन्मानेच गळ्यात पडलेलं, आवडो न आवडो. मी बदली मागू शकतो, परीक्षा देऊन वरच्या पदावर जाऊ शकतो. तो तुंबडी खाली ठेवून दुसरं काही होऊ शकत नव्हता. मग कुडाशी बसलेल्या त्या माणसाला मी समाधानी ठरवतो आहे, ते कुठल्या आधारावर? कदाचित तालुक्याला दवाखाना निघाला असेल, लोक तिकडे जाऊ लागले असतील आणि हातातली विद्या मागायला कुणीच उरलं नसेल. तसं असेल तर ती तुंबडी दुःखाची होती, आणि म्हण करणाऱ्याला फक्त तिचा वेडेपणा दिसला.

हे मला माझ्याजवळ आणून सोडतं. आता मोजणीचं रोव्हर यंत्र उपग्रहांवरून काही क्षणांत बिंदू देतं. साखळी मी शिकताना हाताळली तेवढीच. टिपण जोडताना झालेला आनंद हा जाणाऱ्या विद्येला धरून ठेवण्याचा होता का? तसा असेल तर त्याला कामाचं समाधान म्हणावं की आणखी काही?

टिपणांच्या दुरुस्तीचं काम मागून घ्यावं, असं मनात आहे. मागितलं तर मिळेलही. मग महिन्याला इतकी टिपणं असं लक्ष्य ठरेल, त्याचाही तक्ता होईल. तरीही सातचं शेपूट जुळताना तसंच वाटेल? न मागावं, तर फाटलेली टिपणं तशीच पडून राहतील आणि माझा आनंद उरलेल्या वेळेपुरता. कुठे समाधान मिळालं ते कळलं की ते वाढवता येईल, अशा समजुतीने मी वर्षाकडे पाहायला बसलो होतो. ठिकाण सापडलं आहे, पण ते वाढवलं तर टिकेल का, याचा अंदाज येत नाही. अर्जाचा मसुदा लिहून ठेवला आहे, विषयाच्या ओळीपुढे अजून गेलेलो नाही.